शुल्काचें नामांतर

माणसानें नांव बदललें म्हणून त्याचें ऋण फिटत नाहीं, हें खेड्यांतल्या निरक्षर कुणब्यालाही कळतें. परंतु कंपनी नांवाची कायदेशीर व्यक्ति जन्मास आल्यापासून या साध्या नियमाला एक अपवाद उत्पन्न झाला आहे. एका नांवानें पैसा घेण्यास मनाई झाली, कीं ही व्यक्ति तोच पैसा दुसऱ्या नांवानें घेते, आणि वर कायदा पाळल्याचें पुण्यही पदरांत पाडून घेते. प्रस्तुत लेखांत अशा एका बंदीची व तिच्या पाठोपाठ आलेल्या नामांतराची हकीकत सांगून तीवरून कांहीं अनुमानें काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. हकीकत विलायतेची आहे. अनुमानें मात्र वाचकांनीं आपल्याच खिशाला हात लावून तपासून पाहावीं.

प्रथम हकीकत. ब्रिटनमध्यें विमानाचें तिकीट, नाटकाचें आसन किंवा घरीं मागविलेलें जेवण यांचे पैसे कार्डानें देऊं जावें, तों अखेरच्या क्षणीं ठरल्या किंमतीवर कांहीं टक्के अथवा कांहीं पेन्स अधिक चढत. हा कार्डाचा अधिभार. दुकानदाराला बँकेकडे जें द्यावें लागतें तेवढेंच आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतों, असा त्याचा बचाव असे. परंतु घेणें देण्याहून पुष्कळच अधिक असे, ही गोष्ट लवकरच उघडकीस आली. म्हणून 2012 सालीं नियम करण्यांत आले व 6 एप्रिल 2013 पासून प्रत्यक्ष खर्चाहून अधिक अधिभार घेण्यास मनाई झाली. पुढें 2015 च्या युरोपीय निर्देशास अनुसरून 13 जानेवारी 2018 पासून सामान्य गिऱ्हाइकाच्या कार्डावर कसलाही अधिभार घेणें बेकायदेशीर ठरलें. या बंदीची घोषणा करतांना ब्रिटिश अर्थखात्यानें एक आकडा दिला होता: एकट्या 2010 सालांत अशा अधिभारांपायीं लोकांच्या खिशांतून सुमारें 47 कोटि 30 लक्ष पौंड गेले असावेत.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. 2017 च्या जुलैमध्यें ही घोषणा झाली तेव्हां तिची वार्ता आम्हीं वर्गांत मोठ्या कौतुकानें सांगितली होती. ज्या भाषेच्या वाङ्मयावर आम्ही गेलीं तीस वर्षें पोट भरीत आलों, त्या भाषेच्या देशांत सरकार दुकानदाराचा हात कसा धरतें तें पाहा, असा आमचा एकंदर सूर होता. इंग्रजी विद्येनें वाढलेल्या माणसाला इंग्रजी कायद्याचें कौतुक जरा लवकरच वाटतें. त्या कौतुकाचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख समजावा.

कारण, बंदीचा दिवस उगवण्यापूर्वींच तिची उत्तरक्रिया सुरू झाली होती. घरोघर जेवण पोंचविण्याची व्यवस्था करणाऱ्या जस्ट ईट नांवाच्या कंपनीनें तोंवर कार्डानें पैसे देणाऱ्याकडून 50 पेन्स घेतले होते. बंदीच्या कांहीं दिवस आधीं तिनें हा अधिभार काढून टाकला, आणि त्याच्या जागीं 50 पेन्सचाच ‘सेवा-आकार’ बसविला. फरक इतकाच, कीं नवा आकार सर्वांवर होता. कार्ड ज्यानें जन्मांत पाहिलें नाहीं आणि जो दारांत आलेल्या पोऱ्याच्या हातावर रोख नाणीं मोजून ठेवतो, त्याच्यावरही. यांत कायद्याच्या अक्षराचा भंग कोठेंही नव्हता. कार्डाबद्दल आकार घेऊं नये, असें कायदा म्हणाला. कंपनी आतां कार्डाबद्दल कांहींच घेत नव्हती. ती ‘सेवे’बद्दल घेत होती.

खुद्द सरकारनें काय केलें? ब्रिटनच्या करखात्याला क्रेडिट कार्डानें कर भरणाऱ्याकडून अधिभार घेतां येत असे. बंदी येतांच हा खर्च आपण सोसणें त्याला प्राप्त होतें. त्यानें तो सोसला नाहीं. 13 जानेवारी 2018 पासून खाजगी क्रेडिट कार्डें घेणेंच त्यानें बंद केलें. म्हणजे ज्या सरकारनें दुकानदारांस सांगितलें कीं हा भार तुम्ही आपल्या अंगावर घ्या, त्याच सरकारच्या तिजोरीच्या दारावर तो भार येतांच दार लावून घेण्यांत आलें. परोपदेशाचें पांडित्य आमच्याच देशांत पिकतें असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण टिपून ठेवावें.

आतां थोडा हिशेब. 2015 च्या युरोपीय नियमानें डेबिट कार्डाच्या व्यवहारांत एका बँकेनें दुसऱ्या बँकेकडून घ्यावयाच्या रकमेस शेंकडा 0.2 ची, व क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांत शेंकडा 0.3 ची मर्यादा घातली होती. म्हणजे 20 पौंडांच्या जेवणावर ही रक्कम 4 किंवा 6 पेन्स होते. दुकानदाराला एवढेंच द्यावें लागतें असें नव्हे; मध्यस्थ कंपन्यांचा वांटा निराळा असतो, तो त्यांत मिळवावा. परंतु उदार हातानें मिळविला तरी 4 पेन्सचे 50 पेन्स कसे होतात हें समजण्यास नुसतें गणित पुरें पडत नाहीं. आणि रोखीचे 20 पौंड घेतांना तर कार्डाचा खर्च शून्य. त्या शून्यावरही 50 पेन्स घेतले जाऊं लागले, तेव्हां हा आकार पूर्वींही कार्डाच्या खर्चासाठीं नव्हता असें अनुमान कोणी काढलें तर त्याला दोष कसा द्यावा?

बंदी सर्वस्वीं निष्फळ झाली, असें आमचें म्हणणें नाहीं. टक्क्यांनीं वाढणारा अधिभार गेला. महागड्या तिकिटावर शेंकडा दोन-तीन उपटण्याची जी सोय होती ती गेली. ही मिळकत थोडी नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं कायद्यानें नाम पकडलें आणि क्रिया मोकळी सोडली. अखेरच्या क्षणीं किंमतीवर कांहीं चढविणें हा मूळ रोग. कार्डाचा अधिभार हें त्या रोगाचें एक लक्षण. लक्षण दाबलें, रोग दुसऱ्या अंगावर उठला. आणि या वेळीं तो अशा माणसाच्या अंगावर उठला, कीं ज्याला पूर्वीं त्याची बाधाच नव्हती. कार्ड वापरणाऱ्या सुखवस्तु गिऱ्हाइकाच्या संरक्षणार्थ केलेल्या कायद्याचा दंड रोख देणाऱ्या गरिबानें भरावा, याहून मोठें वैगुण्य त्या कायद्यांत काय असूं शकतें?

या आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. ते आम्हांस आमच्याच शिक्षक-मित्रांकडून अनेकदां ऐकावे लागले आहेत. म्हणून त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या अभिमान्यांचा. ते म्हणतात, खर्च हा खर्चच. तो कोठून तरी वसूल होणारच. एका वाटेनें अडविला तर दुसऱ्या वाटेनें येईल. यांत रागावण्यासारखें काय आहे? कांहींच नाहीं! खर्च किंमतींत घाला, आणि किंमत उघड सांगा. वाणी गूळ विकतो तेव्हां तराजूचें भाडें, दुकानाच्या दिव्याचें तेल आणि गल्ल्यावर बसण्याचे श्रम हीं सर्व गुळाच्या भावांतच असतात. गूळ पुडींत बांधून झाल्यावर तो ‘आतां तराजूचे दोन आणे’ असें म्हणत नाहीं. म्हणाला तर गिऱ्हाईक पुडी तेथेंच ठेवून शेजारच्या दुकानांत जाईल, हें त्याला ठाऊक असतें. तेव्हां भांडण खर्चाशीं नाहीं. तो सांगण्याच्या वेळेशीं आहे. वस्तु पसंत करून, नांव-पत्ता लिहून, घरांतल्यांस शब्द देऊन माणूस जेव्हां शेवटच्या पायरीवर येतो, तेव्हांच हा आकडा कां दाखविला जातो? पहिल्या पायरीवर दाखविला तर तो परत फिरेल, म्हणून. याखेरीज दुसरें कारण कोणी दाखवून दिल्यास आम्ही त्याचे आभारी होऊं.

दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाच्या नांवाखालीं येतो. निरनिराळीं कलमें वेगळीं दाखविणें हीच खरी सचोटी. सर्व एकत्र केलें तर गिऱ्हाइकाला काय कळणार? हें म्हणणें दिसतें तितकें भोळें नाहीं. जें कलम गिऱ्हाइकाला नाकारतां येतें तें वेगळें दाखवावें. जें नाकारतां येत नाहीं तें कलम नव्हे, ती किंमतच होय. किंमतीचा एक तुकडा तोडून त्याला ‘सेवा’ म्हणावयाचें, आणि ही सेवा नको म्हणणाऱ्यास मूळ वस्तूही द्यावयाची नाहीं, याला सचोटी हें नांव देण्यास आमची लेखणी धजत नाहीं.

आणि हा प्रकार आमच्या महाराष्ट्राला नवा आहे काय? जुन्या बाजारपेठांत शेतकरी माल घेऊन अडत्याकडे जाई, तेव्हां भाव ठरे एक आणि हातीं पडे दुसरेंच. मध्यें तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशीं कलमें उभीं असत. त्यांत धर्मादायाचें कलम तर मोठें मासलेवाईक. पुण्य अडत्याच्या नांवावर, पैसा कुणब्याचा! हिंदुस्थानांतील शेतीविषयीं नेमलेल्या रॉयल कमिशननें 1928 सालच्या आपल्या अहवालांत अशा बाजारांच्या नियमनाची शिफारस केली, आणि 1939 सालीं मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. त्या वेळीं अडत्यांच्या बाजूनें हाच युक्तिवाद करतां आला असता, कीं आम्ही प्रत्येक कलम पट्टीवर वेगळें लिहितों, यांत लपवाछपवी कोठें आहे? पट्टीवर तें लिहिलेलें असे, हें खरें. परंतु माल रिकामा करून बैल सोडल्यानंतर ती पट्टी शेतकऱ्याच्या हातांत पडे, हेंही तितकेंच खरें. आजची कंपनी चकचकीत कांचेच्या फलकावर जें करते, तें अडत्यानें शाईनें करून ठेवलेलें आहे. यंत्र नवें, विद्या जुनीच.

तिसरा आक्षेप क्षुद्रतेचा. पन्नास पेन्स! दोन रुपये! एवढ्यासाठीं सुशिक्षितांनीं लेख लिहावेत काय? या आक्षेपाचें उत्तर आमच्याच देशांतल्या ताज्या इतिहासानें दिलें आहे. झोमॅटो या कंपनीनें 2023 च्या ऑगस्टांत प्रत्येक मागणीवर दोन रुपयांचें ‘प्लॅटफॉर्म-शुल्क’ बसविलें. ज्या फलाटावर गिऱ्हाइकाचें पाऊल कधीं पडलें नाहीं त्या फलाटाचें हें तिकीट! 2024 च्या ऑक्टोबरांत तें दहा रुपयांवर गेलें. दोनाचे दहा व्हावयास पुरतीं दोन वर्षेंही लागलीं नाहींत. दोन रुपये क्षुद्र म्हणून जो स्वस्थ बसतो, त्याच्याकडूनच पुढें दहा घेतले जातात. क्षुद्रता ही या शुल्काची दुर्बलता नसून तेंच त्याचें बळ आहे.

तथापि खाजगी कंपन्यांकडेच बोट दाखवून थांबणें अन्यायाचें होईल. रेल्वेचीं तिकिटें घरबसल्या देणारी आय. आर. सी. टी. सी. ही सरकारी कंपनी पूर्वीं प्रत्येक तिकिटावर 20 किंवा 40 रुपयांचा सेवा-आकार घेत असे. 2016 च्या नोव्हेंबरांत नोटा रद्द झाल्यावर लोकांनीं रोखीवांचून व्यवहार करावे म्हणून तो माफ करण्यांत आला. लोकांना संवय लागली. आणि 1 सप्टेंबर 2019 पासून साध्या वर्गास 15 व वातानुकूलित वर्गास 30 रुपये, त्यावर वस्तु-सेवा-कर निराळा, अशा मानानें तो पुनः अवतरला. यू. पी. आय. नें देणाऱ्यास तो अनुक्रमें 10 व 20 ठेवला. या पुनर्जन्मांत त्याचें नांव मात्र ‘सुविधा-शुल्क’ झालें होतें. आम्ही विचारतों, ही सुविधा कोणाची? प्रवासी आपल्या हातानें नांव लिहितो, आपल्या हातानें गाडी निवडतो, आपल्याच डोळ्यांनीं चुका तपासतो. खिडकीवरच्या कारकुनाचें सर्व काम तो फुकट करतो. जो काम करतो त्यानेंच मजुरी द्यावी, असा हा अपूर्व करार आहे.

चित्रपटाच्या तिकिटांचीही कथा अशीच उद्बोधक आहे. महाराष्ट्र सरकारनें 2013 व 2014 सालीं आज्ञा काढून घरबसल्या घेतलेल्या तिकिटांवर असें शुल्क घेण्यास चित्रपटगृहांना मनाई केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. आज्ञेला स्थगिती मिळाली. आणि 2025 च्या जुलैमध्यें, सरकारला अशी मनाई करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यानें दिलेला नाहीं या कारणास्तव, न्यायालयानें त्या आज्ञा रद्द केल्या. न्यायालयाच्या निर्णयावर आमची तक्रार नाहीं. कायद्याचा आधार नसतां व्यापाराच्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालतां येऊं नये, हें तत्त्व मान्यच केलें पाहिजे. आमची तक्रार सरकारवर आहे. विलायतेंत कायदा होता, पण त्यानें नेमकी गोष्ट पकडली नाहीं. येथें गोष्ट पकडली, पण पाठीशीं कायदा नव्हता. दोहोंकडेही गिऱ्हाईक होतें तेथेंच राहिलें.

आतां आम्ही ज्या प्रसंगानें हा लेख लिहावयास बसलों तो सांगतों. गेल्या वर्षीं परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं, रात्रीं नऊच्या सुमारास, आमचा एक विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. वडील शेतमजूर. पत्रकांत छापलेली फी त्यांनीं आठ दिवस आधीं बरोबर मोजून मुलाच्या खात्यांत भरली होती. मुलानें अर्ज भरला, छायाचित्र चढविलें, सर्व पायऱ्या पार केल्या; आणि शेवटच्या पायरीवर ‘प्रक्रिया-शुल्क’ म्हणून अठरा रुपये अधिक दिसूं लागले. खात्यांत फीखेरीज नऊ रुपये होते. रोख घेणारी खिडकी आतां नाहीं. मुदत मध्यरात्रीं संपावयाची. अठरा रुपये देणें आम्हांस कांहींच कठीण नव्हतें, ते आम्हीं तत्काळ दिले. परंतु तो मुलगा जातां जातां खालीं मान घालून जें बोलला तें आमच्या मनांतून जात नाहीं. तो म्हणाला, “माफ करा सर, वडिलांचा हिशेब चुकला.”

वडिलांचा हिशेब चुकला नव्हता. छापील आकडा खोटा होता. पण हातांत पत्रक असलेल्या त्या बापाला व मुलाला आकडा खोटा असेल अशी शंकाही आली नाहीं. चूक आपलीच असली पाहिजे, असें त्यांनीं धरून चाललें. अशा शुल्कांनीं किती पैसा जातो याचा हिशेब अर्थखातीं करोत. गरिबाचा आपल्या मोजणीवरचा विश्वास जातो, याचा हिशेब कोण करणार? जो समाज आपल्या मुलांना बेरीज शिकवितो, आणि पुढें पावलोपावलीं ती बेरीज खोटी पाडतो, त्यानें त्या मुलांकडून सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

मग उपाय काय? अमुक नांवाचें शुल्क नको, तमुक नांवाचें नको, अशी नांवांची यादी करीत बसणें हा उपाय नव्हे. कोशांत शब्द पुष्कळ आहेत, आणि कंपन्यांच्या पदरीं शब्द शोधणारेही पुष्कळ आहेत. उपाय एकच: ज्याला नाकारतां येत नाहीं असा प्रत्येक पैसा पहिल्याच आकड्यांत आला पाहिजे. ब्रिटनलाही हें शहाणपण उशिरां कां होईना सुचलें. तेथील 2024 च्या कायद्यानें अपरिहार्य शुल्कें जाहीर किंमतींतच दाखविण्याचें बंधन घातलें, व 6 एप्रिल 2025 पासून तें अमलांत आलें. आमच्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें 30 नोव्हेंबर 2023 रोजीं फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची सूचि प्रसिद्ध केली, आणि किंमत थेंबाथेंबानें वाढवीत नेण्याच्या प्रकाराला तींत स्थान दिलें. तेव्हां रोगाचें निदान आमच्या दप्तरीं झालेलें आहे. औषध पाजणारा हात मात्र हवा. आणि तो हात सरकारनें प्रथम आपल्या खात्यांवर, आपल्या रेल्वेवर, आपल्या शिक्षणसंस्थांवर चालवावा.

लोकांनींही स्वस्थ बसूं नये. 2011 सालीं अमेरिकेंत बँकांच्या डेबिट कार्डावरील उत्पन्नास कायद्यानें कात्री लागणार असें दिसतांच, बँक ऑफ अमेरिका या मोठ्या बँकेनें कार्ड वापरणाऱ्यांवर दरमहा पांच डॉलरांचें शुल्क बसविण्याचें जाहीर केलें. गिऱ्हाइकांनीं इतका गिल्ला केला, कीं सप्टेंबरअखेर केलेली ती घोषणा 1 नोव्हेंबर रोजीं तिला मागें घ्यावी लागली. पांच डॉलर उघड मागितले म्हणून लोकांना ते दिसले, आणि दिसले म्हणून ते चिडले. आमची मागणीही एवढीच आहे. घ्यावयाचें तें घ्या, पण दिसेल असें घ्या. पहिल्या ओळींत जो आकडा, तोच शेवटच्या ओळींत असूं द्या. मग तो महाग वाटला तर आम्ही परत फिरूं, आणि पटला तर मुकाट्यानें देऊं. पुढच्या वर्षीं परीक्षेच्या पत्रकांत जो आकडा छापला जाईल तेवढेच पैसे मोजून आणणारा मुलगा रात्रीं कोणाच्या दारीं क्षमा मागत उभा राहूं नये, एवढें झालें तरी आम्हांस पुरे आहे.